कॉबीच्या दांड्यावरील कर्ल्यूंसाठी माझा लढा

११ ऑगस्ट, रविवार. सकाळी ७
आजपासून रोजनिशी. लढा सुरू करणाऱ्या माणसाने नोंदी ठेवाव्यात. पुढे लोक विचारतात.

डेसलीला, माझ्या बायकोला, जाऊन पाच महिने झाले. भेटेल तो विचारतो, बेव्हन, कसा आहेस? ठीक आहे. काही वाटत नाही, म्हणजे ठीकच असणार. घर उत्तम चाललं आहे. सकाळी टोस्ट, दुपारी टोस्ट.

मुद्द्याचं. डेसली एकोणीस वर्षं कॉबीच्या दांड्यावर कर्ल्यू पक्षी मोजायची. दांडा म्हणजे खाडीच्या तोंडाशी समुद्रात गेलेली वाळूची पट्टी. ओहोटीला पक्षी चिखलात खेकडे खात पांगतात. भरती चढली की सगळे दांड्यावर येऊन दाटीने बसतात. तिथे आता नगरपालिकेला बोटी उतरवायचा धक्का आणि गाड्यांचा तळ हवा आहे. पण नियम असा की लागोपाठ चार वर्षं डिसेंबरच्या गणतीत शंभराहून जास्त कर्ल्यू दिसले, तर ती जागा राखीव होते. डेसलीची तीन वर्षं झाली. एकशे बारा, एकशे सत्तावीस, एकशे एकतीस. चौथं या डिसेंबरात. मोजणी आता ग्वेंडा करणार. ग्वेंडा सॉर्ली, निवृत्त परिचारिका, डेसलीची मैत्रीण.

मोजणी त्यांची, आवाज माझा. तीस वर्षं मी गोदी कामगारांच्या संघटनेत बोललो. माझ्या एका वाक्यावर क्रेनी थांबल्या आहेत.

संकल्प: रोज एक तास वाचन. रोज एक तास भाषणाचा सराव. टोस्टऐवजी काहीतरी.

५ सप्टेंबर, गुरुवार
कर्ल्यू आले! सैबेरियातून दहा हजार किलोमीटर, पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, मालक नाही. (हे वाक्य भाषणात.)

ओहोटीच्या चिखलात साठ मोजले. ताबडतोब ग्वेंडाला फोन केला. तिने विचारलं, चोच कशी होती? म्हणालो, लांब, वाकडी. तिने विचारलं, वर वाकडी की खाली? हा काय प्रश्न झाला. वर. ती म्हणाली, मग ते गॉडविट, बेव्हन. कर्ल्यूची चोच खाली वाकते.

तपशील. चळवळी तपशिलांवर उभ्या राहत नाहीत.

डेसलीची दुर्बीण सापडली. तिच्या डोळ्यांना बसवलेली आहे, मला सगळं धूसर दिसतं. फिरवून घेता आली असती. तशीच ठेवली.

९ ऑक्टोबर, बुधवार. ओहोटी
किनाऱ्यावर भाषणाचा सराव. जुने वक्ते लाटांसमोर उभे राहून घसा तयार करत. मी चिखलासमोर. ‘नागरिकहो’ पासून ‘इतिहास विचारेल’ पर्यंत एकवीस मिनिटं. पक्षी जरा लांब होते.

१० ऑक्टोबर
सराव. पक्षी आणखी लांब.

१२ ऑक्टोबर
सराव. पक्षी ठिपक्यांएवढे. कारण उघड आहे: शेजारचा नेव्ह पास्कल आणि त्याची कुत्री टिली. संध्याकाळी कुंपणापाशी त्याला सुनावलं की पाहुण्यांवर कुत्रं सोडणारा माणूस हा माणूस नव्हे. नेव्ह पाइपने झाडांना पाणी घालत होता, ते घालतच राहिला. म्हणाला, टिली दोन वर्षं पट्ट्याला आहे, डेसलीने सांगितल्यापासून. आणि ती चौदा वर्षांची आहे, तिला स्वतःची शेपटीसुद्धा गाठता येत नाही. मग म्हणाला, चिखलाकडे तोंड करून रोज ओरडतं कोण, हे मात्र सगळ्या गल्लीला माहीत आहे.

माणूस वाईट नाही. वाचन कमी.

५ नोव्हेंबर, मंगळवार. घोड्यांच्या शर्यतीचा दिवस
क्लबात सगळं गाव जमलेलं. बायकांच्या डोक्यावर पिसांच्या टोप्या, पुरुष सकाळपासून बिअरवर. शर्यत तीनला. पावणेतीनला मी खुर्चीवर चढलो. असा श्रोता पुन्हा मिळणार नाही. पक्ष्याच्या जन्मापासून सुरुवात केली. सैबेरियाच्या दलदलीतून चीनच्या किनाऱ्यापर्यंत आणलं, तेवढ्यात टीव्हीवर घोडे सुटले.

नंतर कोणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. जे हरले ते तर नाहीच. दांडा राखीव ठेवण्याच्या अर्जावर दोन सह्या. एक माझी. दुसरी नेव्हची, आणि त्याने ती उभ्याउभ्या केली, न वाचता.

परत येताना दोन बटाटे घेतले. उकडायला ठेवले, विसरलो. टोस्ट.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
ग्वेंडा आली, फ्रूटकेक घेऊन. स्वयंपाकघराकडे पाहिलं, चार कप धुतले. मग गणतीबद्दल सांगायला लागली. पंधरा डिसेंबर, रविवार, वर्षातली मोठी भरती. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पाणी पूर्ण चढतं, आणि तेव्हा पक्षी सगळ्यात जास्त आणि सगळ्यात जवळ असतात. नगरपालिकेची एक बाई साक्षीला येणार. यानंतर ग्वेंडा वीसेक मिनिटं बोलली. मी तोवर शेवटचा परिच्छेद मनात जुळवत होतो. जुळला! ती जाताना एक छापील कागद ठेवून गेली, गणतीच्या दिवशीच्या सूचना. वाचायचा आहे. फ्रूटकेकखाली ठेवला आहे म्हणजे विसरणार नाही.

उद्यापासून तीन आठवडे ती बहिणीकडे, टूवूम्बा गावी. चौदाच्या संध्याकाळी परत.

पण विचार करण्यासारखं आहे. पंधरा तारीख, सव्वानऊ. सगळ्यात जास्त, सगळ्यात जवळ. लोकांना पक्षी दिसलेच नाहीत तर ते लढतील कशासाठी?

२ डिसेंबर, सोमवार
ठरलं. महामेळावा. रविवार पंधरा डिसेंबर, सकाळी नऊ, थेट दांड्यावर. समोर पक्षी, मध्ये मी, मागे जनता. साक्षीची बाई आयतीच हजर असेल. मोजणीही होईल आणि आवाजही. डेसलीला हे सुचलं नसतं. फार हळू बोलायची ती.

क्लबात, पोस्टात, बेकरीत जाहिराती लावल्या. जीवरक्षक मंडळाचा कर्णा मिळाला. सॉसेज भाजायची शेगडी शाळेच्या पालकसभेकडून. सॉसेजशिवाय या गावात कोणी क्रांतीला येत नाही. ग्वेंडाला मुद्दाम कळवलं नाही. परत आल्यावर बघेल.

नेव्हने बेकरीत जाहिरात वाचली. विचारलं, गणतीच्या दिवशीच? म्हणालो, म्हणून तर. त्याने जाहिरात पुन्हा वाचली. मग म्हणाला, ग्वेंडाने ठरवलं असेल तर असेल बुवा, मला पक्ष्यांतलं कळत नाही. त्या दिवशी टिलीला मात्र घरीच कोंडणार म्हणाला.

माझ्या भाषणांनी माणूस बदलला. विरोधकाचं हृदयपरिवर्तन ही वक्त्याची खरी कमाई.

१५ डिसेंबर, रविवार. सकाळी ११
शब्द अपुरे आहेत, आणि हे मी म्हणतोय!

ऐंशी माणसं. दांड्याच्या टोकाला कर्ल्यूंचा नुसता गालिचा. मातकट, स्तब्ध, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. आम्ही जवळ जाऊ लागलो तसे उठून उभे राहिले. माना उंचावल्या. मी कर्णा तोंडाला लावला आणि म्हणालो, ‘नागरिकहो.’ आणि सगळेच्या सगळे एकदम आकाशात! ती लांब, ओढलेली हाक शेकडो गळ्यांतून. आमच्या डोक्यावरून एक फेरी घातली आणि समोरच्या बेटाच्या दिशेने गेले. जनतेने टाळ्या वाजवल्या. एकवीस मिनिटांचं भाषण छत्तीस मिनिटं चाललं. एकशे दहा सॉसेज संपली.

तीस वर्षांत असा प्रतिसाद मिळाला नव्हता.

ग्वेंडा लांब तिवरांच्या आडोशाला, दुर्बिणीमागे खुर्चीवर बसली होती. हात केला. तिने केला नाही. कामात असेल.

त्याच दिवशी, दुपारी ४
ग्वेंडा येऊन गेली. बसली नाही.

सगळ्या उपसागरात गणती एकाच दिवशी, एकाच भरतीला होते म्हणाली, म्हणजे एक पक्षी दोनदा मोजला जात नाही. मोजायचे ते जमिनीवर बसलेले. उडणारे धरत नाहीत. मोजत मोजत ती एकोणीसवर होती, तेव्हा मी नागरिकांना हाक मारली. माणूस अडीचशे पावलांवर आला तरी कर्ल्यू उठतात, हे त्या कागदात पहिल्याच ओळीत होतं. भरती पूर्ण झाली तेव्हा दांड्यावर बसलेले कर्ल्यू किती, तर शून्य. साक्षीच्या बाईने सही केली. पलीकडे बेटावरच्या मोजणाऱ्याला आज एकशे चव्वेचाळीस जादा मिळाले, त्याचा उच्चांक झाला. त्याने आनंदाने फोन केला होता.

म्हणालो, मग उद्या मोजू. उद्या नाही. नियमात एकच दिवस.

म्हणालो, मी तर पक्ष्यांसाठीच बोलत होतो. ती दारापर्यंत गेली आणि वळली.

“डेसली तुला कधी बरोबर का नेत नसे, माहितीये?”

म्हणालो, माझे गुडघे.

“गुडघे नाही, बेव्हन.”

आवाज चढवला नाही तिने. दारही हळूच लावलं.

कागद काढून वाचला. एकच पान आहे. वाचायला दीड मिनिट लागलं.

१६ डिसेंबर, सोमवार
दोष नियमांचा आहे. ज्या नियमात उडणारा पक्षी पक्षी धरत नाहीत, तो नियम कसला? बुधवारी नगरपालिकेची सभा. नागरिकाला तीन मिनिटं बोलता येतं. अकरा पानं लिहिली. तीन मिनिटांत एक पान होतं, पण मला थांबवायची हिंमत आजवर कोणी केलेली नाही.

एकोणीस वर्षं. दर महिन्याला एक भरती धरली तर दोनशे अठ्ठावीस सकाळी. ती पहाटे थर्मास भरून जायची आणि जेवायच्या वेळी यायची. मी विचारायचो, किती? ती आकडा सांगायची. मग मी बोलायचो.

काही वाटलं नाही. फक्त नोंद केली.

१८ डिसेंबर, बुधवार. रात्रीचं जेवण नाही
सभा चारला. नेव्ह गाडीतून घेऊन गेला. ग्वेंडा पुढच्या रांगेत. अधिकाऱ्याने चार वर्षांचे आकडे वाचले. पहिले तीन वाचताना तो मध्ये थोडं थांबत होता. चौथा वाचताना थांबला नाही.

अध्यक्षबाईंनी माझं नाव पुकारलं. उठलो. अकरा पानं हातात. सभागृहात पंखा फिरत होता, आणखी कसलाच आवाज नव्हता. सगळे वाट बघत होते. असं सभागृह मिळावं म्हणून लोक आयुष्य घालवतात. अध्यक्षबाईंनी विचारलं, बोलायचं आहे ना? म्हणालो, नाही, आणि खाली बसलो.

घसा बसला होता.

धक्का आणि गाडीतळ मंजूर. सात विरुद्ध दोन. पुढचा विषय कचऱ्याच्या डब्यांची झाकणं, त्यावर पाऊण तास चर्चा.

पायऱ्यांवर नेव्हला घशाबद्दल सांगितलं. तो गाडीची किल्ली शोधत होता.

“म्हाताऱ्या, सकाळी कुंपणापलीकडून सगळं भाषण ऐकलंय मी. घसा ठणठणीत होता तुझा.”

मला दारात उतरवताना म्हणाला, चांगलं होतं भाषण. सैबेरियाचा भाग जरा लांबला.

२६ डिसेंबर
नाताळ होऊन गेला. नेव्हकडे कोलंबी आणि थंड हॅम. टिली माझ्या पायावर झोपली. बधिर झाला पाय. काढला नाही.

९ जानेवारी, गुरुवार
दांड्यावर मोजणीदार आले, जमिनीचे. गुलाबी फिती बांधलेल्या खुंट्या वाळूत ठोकल्या. निषेध नोंदवायला गेलो होतो. नोंदवला नाही. ऊन फार.

ग्वेंडाला फोन केला. विचारलं, आता गणती बंद का? म्हणाली, मंजुरी मिळाली म्हणून गणती बंद होत नसते. गेले की नाही, हेही मोजूनच कळतं. तिला एकतीसला तिकडे बेटावर जायचं आहे, दांड्यावर बसायला माणूस नाही. मी फोनवर गप्प बसलो होतो हे नंतर लक्षात आलं.

म्हणाली, करशील? पण दोन तास बसावं लागेल. तोंड मिटून.

चष्म्याच्या दुकानात जाऊन दुर्बीण माझ्या डोळ्यांना जुळवून घेतली. बाईंनी तिथेच एका मिनिटात करून दिली. स्वच्छ दिसतं.

३१ जानेवारी, शुक्रवार
दांडा. तिवरांच्या आडोशाला, अडीचशे पावलांच्या बाहेर. सकाळी ८ ते १०. वारा आग्नेय, हलका. भरती पूर्ण ९ वाजून २० मिनिटांनी. नजर लांबपर्यंत पोहोचत होती, टोकाला फडफडणाऱ्या गुलाबी फितींपर्यंत.

गॉडविट ०. व्हिम्ब्रेल ०. कर्ल्यू ०.

पुन्हा एकदा मोजलं. तेच.

फॉर्मवर शेऱ्यासाठी तीन ओळी असतात. रिकाम्या ठेवल्या.