पाच मिनिटांचा टप्पा

बाबा, तुमची काठी अजून माझ्या टेबलामागच्या कोपऱ्यात उभी आहे. झाडणाऱ्या बाईंनी दोनदा ती टाकून द्यायला बाहेर काढली आणि दोन्ही वेळा मी त्यांच्यावर विनाकारण खेकसले. डांबर लावलेली, बोटाबोटावर खाचा पाडलेली, पाण्याची उंची मोजायची वेळूची काठी. सरकारी मोजपट्टीपेक्षा तुमचा हिच्यावर जास्त भरवसा होता. आज ती हातात घेतली आणि म्हटलं, इतकी वर्षं मनात घोळतंय ते एकदा लिहून तरी काढावं.

खारबांधावरची उघाडी तुम्ही सांभाळायचात. ओहोटीला दार उचलून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती लागली की दार टाकायचं, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. गावाचं सगळं भात त्या एका लाकडी दाराच्या भरवशावर. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना सुट्टीत वही घेऊन तुमच्याशेजारी बसले होते, दर अर्ध्या तासाने पाण्याची उंची लिहीत. तुम्ही एकदम ओरडलात, "आगो, अर्ध्या तासानं काय बघतेस? पाणी काय तुझ्या घड्याळावर चालतंय?" मग तुमची रीत सांगितलीत. पाणी संथ असेल तर एक विडी संपेपर्यंत नाही बघितलं तरी चालतं. "पण पाणी फिराया लागलं ना, की विडी पेटवायचीच नाय. नजर हलवायची नाय." मी हसले, आणि अर्ध्या तासाने पुढचा आकडा लिहिला.

पुढे रोह्याच्या ऑफिसात नोकरी लागली आणि दोन वर्षांत आपल्याच गावाचं काम माझ्या टेबलावर आलं. गावाच्या वरच्या अंगाला नवी वसाहत होणार होती. तिथलं पावसाचं पाणी गटारातून खाली आणून तुमच्याच उघाडीतून खाडीत सोडायचं होतं. ही एक उघाडी पुरेल की दुसरी बांधावी लागेल, एवढंच मला सांगायचं होतं. ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला होता. त्याला पाऊस, गटारं, भरती सगळं सांगायचं आणि किती वेळाच्या टप्प्याने हिशेब करायचा तेही सांगायचं. एका टप्प्याला तो पाणी कुठे आहे ते काढतो, मग थेट पुढच्या टप्प्याला. मधलं त्याला दिसत नाही. मी पाच मिनिटांचा टप्पा दिला. उघाडीजवळचा पाइप इतका आखूड, की पाणी त्यातून काही सेकंदांत पार होतं. म्हणजे पाणी केव्हाच निघून जातं आणि हिशेब मागे बसून राहतो. कागदावर उघाडीपाशी विचित्र आकडे आले. एका ओळीत पाणी बाहेर, दुसऱ्या ओळीत आत, तिसऱ्या ओळीत पुन्हा बाहेर. मी त्यांची सरासरी काढली, रेघ छान गुळगुळीत आली, आणि खाली लिहिलं: आहे ती उघाडी पुरेशी आहे. रोह्यात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या, दुसरं काय.

वसाहत झाली, आणि त्याच श्रावणात उधाणाच्या भरतीला पाऊस लागून राहिला. दुपारी बांध फुटून खांड पडली. लोक धावत आले तेव्हा दार बंद होतं आणि भातात खारं पाणी शिरत होतं. संध्याकाळी देवळासमोर सगळे जमले. मी खांबाला टेकून उभी आहे. कुणीतरी म्हणतं, "ओहोटी लागली तरी दार बंदच. म्हाताऱ्याचा डोळा लागला आसंल." तुम्ही खाली बघता. मग म्हणता, "आसंल. माझीच चूक हाय." मला वाटलं होतं तुम्ही भांडाल. तुम्ही कधी झोपला नव्हतात, उघाडीवर तर नाहीच, पण दहा जणांनी सांगितल्यावर तुम्हालाही ते खरं वाटलं.

रविवारी मी ऑफिस उघडून घेतलं आणि दोन सेकंदांचा टप्पा देऊन तोच हिशेब पुन्हा चालवला. दिवसभर मशीन घरघरत होतं. या वेळी आकडे उड्या मारत नव्हते. ओहोटी लागायच्या कितीतरी आधी, खाडीचं पाणी अजून वर असताना, आतलं पाणी बांधावरून गेलं होतं. त्याआधी, आतलं पाणी चढत असताना दार उचललं असतं तर खाडीच आत आली असती. तुम्ही ते बंद ठेवलंत तेच बरोबर होतं. कागद पर्समध्ये घालून गाडीने जित्याच्या स्टेशनवर उतरले, घरी आले. तुम्ही चुलीपुढे भाकरी आणि सुकट खात होतात. हात धुऊन उठलात, कोपऱ्यातली काठी आणलीत आणि माझ्यापुढे धरलीत. "उघाडी सोडली मी. ही तुला ऱ्हाऊ दे. तू शिकलेली हायस, तुझी नजर चुकायची नाय." कागद पर्समध्येच राहिला.

साहेबांना मात्र मी सांगितलं. दुसरी उघाडी झाली. कारण लिहिलं, वाढता पाऊस. आपलं ठेवायचं झाकून. शेतं तीन वर्षं खारट राहिली आणि तुम्ही बांधाकडे जायचं सोडलंत. जगातून गेलात तेही त्या डोळा लागल्याच्या बोलासकट. तुम्हाला सांगायला मला पुरती दोन वर्षं होती, बाबा. मला लाज वाटते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. काठीलाच गुंडाळून ठेवीन. आईला मी सांगत आले की तेव्हा मला कळलं नव्हतं, कॉम्प्युटर नवा होता, कुणालाच कळत नव्हतं. ते खरं नाही. ते आत-बाहेर उड्या मारणारे आकडे बघताक्षणी मला तुमची विडी आठवली होती. बारीक टप्पा द्यायला हवा, हेही कळलं होतं. पण त्याला सगळा दिवस लागला असता, आणि त्या दिवशी सकाळी तुम्ही म्हणाला होतात, खाडीत निवट्या मिळाल्यात, कालवण करू, लवकर ये. मला साडेचारची गाडी मिळाली. खिडकीपाशी जागाही मिळाली.