हळदीचा उजेड

राजूर, ता. अकोले
३ मार्च १९७१

ती. दादांस, प्रभूमध्ये सहादेवचा स. सलाम वि. वि.

तुमचं पत्र गेल्या बाजाराच्या दिवशी मिळालं. रतनवहिनींचा गुडघा आता चालू देतो का, ते कळवा. आम्ही उभयता खुशाल आहोत.

एक सांगायचं आहे, हसू नका. तीस वर्षांनी मी पुन्हा कुंचला हातात घेतला आहे. विषमज्वरातून उठलो तेव्हा प्रार्थनेला बसलं की शब्दच येईनात. एक दिवस शाळा सुटल्यावर फळ्यावर खडूने एक मेंढरू काढलं आणि वाटलं, आज प्रार्थना झाली. पाळकांच्या कानावर हे गेलं. ईस्टरसाठी चर्चला चुना द्यायचाच आहे, तर वेदीमागच्या भिंतीवर रिकामी कबर काढा, असं ते म्हणाले. कबरीतून उजेड बाहेर येतो आहे, असं माझ्या मनात आहे. दुकानातला रंग आणायचा नाही. काव, नीळ, कोळसा, आणि उजेडाला हळद. पुष्पावतीने घरची हळकुंडं दळून ठेवली आहेत.

तुमचं सगळं आयुष्य चुन्यात गेलं. काही चुकत असेल तर सांगा. तुम्ही बरं म्हणालात तरच भिंतीला हात लावीन.

लोभ आहेच, तो तसाच राहू द्या.
आपला,
सहादेव

सोनई, ता. नेवासे
१४ मार्च १९७१

चि. सहादेव यास दादाचे आशीर्वाद व सलाम.

तुझं पत्र रतनबाईला दोनदा वाचून दाखवावं लागलं. तेव्हापासून ती आल्यागेल्याला सांगते आहे की धाकटे भाऊजी देवाचं चित्र काढतात. काल आमच्या पाळकांनीही तुझी चौकशी केली. तेव्हा मी शिडीवर उभा राहून त्यांच्याच घराला चुना देत होतो. त्यांनी खालूनच विचारलं, मी वरूनच सांगितलं.

मास्तरांना सुट्ट्या पुष्कळ, तेव्हा तू चित्रं काढावीस हे योग्यच. आमच्या बोटांना चुन्याने भेगा पडल्या आहेत, त्यांत कुंचला ठरायचा नाही. पण विचारलंस म्हणून लिहितो. चुना आठ दिवस भिजू दे. फडक्यातून गाळून त्यात डिंकाचं पाणी घाल आणि भिंतीला दोन हात दे. नीळ पातळ ठेव, नाहीतर कबरीवर कोणी धुणं वाळत घातलंय असं दिसेल. हळदीची कल्पना चांगली आहे. उजेड सगळ्यात शेवटी भर.

तब्येतीला जप. दादाचा लोभ तुला मागावा लागत नाही.
आसाराम

राजूर
१३ एप्रिल १९७१

ती. दादांस स. सलाम.

ईस्टर झाला. चित्राचं विचाराल म्हणून आधीच लिहितो.

तुमच्या सांगण्याप्रमाणे उजेड शेवटी ठेवला होता. तो शनिवारी संध्याकाळी भरायचा ठरला. पाळकांनी सगळ्यांना बघायला बोलावलं होतं, बाया सतरंजीवर बसून गीत म्हणत होत्या. मी हळद लावली. ती पिवळी राहीना. मला वाटलं पातळ झाली, म्हणून आणखी लावली. लावत गेलो तशी लाल होत गेली. गीत थांबलं. म्हाताऱ्या राहीबाईंनी विचारलं, की मास्तर, प्रभू उठला ना, मग कबरीत रगत का हाय. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सकाळी त्या भिंतीवर चादर टांगून उपासना झाली.

पुष्पावती म्हणते, चुन्याचंच काहीतरी असेल. मी तिला सांगितलं, चुन्याचं असतं तर दादांनी कळवलं असतं, ते तर चांगली कल्पना म्हणाले. मग एकच उरतं. जे दान मी तीस वर्षं पुरून ठेवलं, ते आता देवाला नको आहे. कुंचला पुष्पावतीच्या हातात दिला आणि चुलीत घालायला सांगितला.

वहिनींना सलाम.
सहादेव

सोनई
३ मे १९७१

प्रिय सहादेव,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. पहिल्या दिवशी मला आनंद झाला. त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली.

हळद ओल्या चुन्यावर लाल होते. कुंकू तसंच करतात. आपल्या घरात कुंकू नाही, तू जन्मभर शाळेत, तुला कुठून ठाऊक असणार? मी लग्नघरं रंगवतो. ताज्या चुन्यावर बाया हळदीचे पंजे उठवतात आणि माझ्या डोळ्यांदेखत ते लाल होतात. मला माहीत होतं. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी एक वेळ चाललं असतं, मी तर कल्पना चांगली आहे असं लिहिलं. उजेड शेवटी भर असं लिहिलं, तेही चूक सुधारायला वेळ राहू नये म्हणून.

मिशनच्या मडमेने तुला रंगाची डबी दिली, ते आठवतं? चित्र माझं होतं, गोठ्यातली गाय. मी दाराबाहेर उभा होतो. त्याच वर्षी वडिलांनी मला शाळेतून काढून चुन्याच्या भट्टीवर नेलं. तू नऊ वर्षांचा होतास, तुझा दोष नव्हता. पण तू फळ्यावर मेंढरू काढलंस आणि प्रार्थना झाली असं लिहिलंस, तेव्हा मला तुझा हेवा वाटला. मी रोज प्रार्थना करतो, सहादेव. माझी कधी अशी झाली नाही.

काल प्रभुभोजन होतं. प्याला माझ्यापाशी आला, पण भावाशी दगा करून तो पिता येत नाही, म्हणून मी तो न पिता पुढे दिला. सगळ्यांनी पाहिलं. रतनबाईने घरी येऊन विचारलं. तिला आधी सांगितलं, आता तुला सांगतो आहे.

देवाने तुझं काम नाकारलेलं नाही. आमचा शेजारी गहिनीनाथ अकोल्याला निघाला आहे, त्याच्याबरोबर पिवळी माती पाठवतो. ती चुन्यावर बदलत नाही. माझा शब्द आता तुला खरा वाटणार नाही, म्हणून आधी कोपऱ्यात लावून बघ.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.
आसाराम

राजूर
१२ मे १९७१

ती. दादांस सलाम.

माती मिळाली. कोपऱ्यात लावून पाहिली. पिवळीच राहिली.

पत्र वाचून आधी हायसं वाटलं. देवाने टाकलं असतं तर कुठे दाद मागणार होतो? भावाशी भांडता तरी येतं. मग राग आला, तो अजून आहे. माफ केलं असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. पुष्पावतीला पत्र दाखवलेलं नाही. कुंचला तिने जाळला नव्हता, पिठाच्या डब्यामागे ठेवला होता.

डबीचं मात्र तुम्ही चुकीचं लिहिलंत. मी नऊ वर्षांचा होतो, पण मडमेने चित्र कोणाचं असं विचारलं ते मला नीट कळलं होतं, आणि मी माझं म्हणालो. तुम्ही दाराबाहेर उभे आहात हेही ठाऊक होतं. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

ती भिंत खरवडून पुन्हा चुना द्यायचा आहे. पाळकांनी इथला माणूस बघितला होता, मी नको म्हणालो. चुना तुम्ही द्यायचा. कबर मी काढीन, उजेड तुम्ही भरा. बोटांच्या भेगांचं कारण सांगू नका. जूनच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन आहे. त्याच्या आधी या.

आपला,
सहादेव