रपट्यावरचे पहिले पाऊल

९ सप्टेंबर

मी, वसंत तुळशीराम खर्चे, बी.कॉम., पूर्वीचा जिनिंगमधील हिशेबनीस, सध्या शेवजळ नगरपंचायतीचा प्रभारी नगराध्यक्ष, ही रोजनिशी आजपासून लिहीत आहे. हेतू एकच : कार्यालयीन टिपणीत जे मांडता येत नाही ते जागच्या जागी नोंदवणे. पुढेमागे या खुर्चीवर बसणाऱ्यास वाचावेसे वाटले तर त्याने वाचावे.

धरण भरले. सकाळी रपटा, म्हणजे मलकापूरच्या रस्त्याला जोडणारा बुटका पूल, पाण्याखाली गेला आणि दरवर्षीप्रमाणे गावाचे बेट झाले. तीन बाजूंना फुगवटा, चौथ्या बाजूला नदी. मलकापूरच्या रस्त्यावरची वाहने दिसतात. त्यांचा आवाज येत नाही.

येथील रिवाज : पाणी उतरले की रपट्यावर पहिले पाऊल अध्यक्षाचे. नारळ वाहायचा, पलीकडे चालत जायचे, मग मागून गाव. तोवर कोणी पाय घालीत नाही. गतवर्षी तत्कालीन अध्यक्ष दिगंबरभाऊ असेच चालले. मध्यावर खालची माती वाहून गेली होती, हे कोणास ठाऊक नव्हते. भाऊंनी मागे वळून आम्हाला हात केला आणि दिसेनासे झाले. पुष्कळ शोध घेतला. देह मिळाला नाही.

तेव्हापासून अध्यक्षपदाचा भार उपाध्यक्ष म्हणून माझ्याकडे. लोक अजून मला उपाध्यक्षच म्हणतात. कार्यालयात कोणी 'अध्यक्ष' म्हटले की बोलणारा आणि ऐकणारा दोघेही खिडकीतून पाण्याकडे बघतात. मीही बघतो.

११ सप्टेंबर

रज्जाकचाचांना न.पं.च्या बोटीने पलीकडे पोहोचते केले. चाचा गाद्या भरतात, भाऊंचे लंगोटीयार. मूत्रपिंडे निकामी. आठवड्यातून दोनदा मलकापूरला डायलिसिस, एक वेळ चुकली तरी श्वास लागतो. बोटीत बसताना म्हणाले, "साहेब, तुमच्या खुर्चीची गादी भरून देऊ काय? लय अवघडून बसता. दिगंबर असा पसरून बसे का वाटे, खुर्चीच त्याच्यावर बसली हाये."

सगळे हसले. मीही.

१३ सप्टेंबर

निर्मलावहिनी, भाऊंच्या पत्नी, कार्यालयात आल्या. खुर्ची दिली, बसल्या नाहीत.

"भाऊजी, एक मांगणं हाये. पाणी उतरलं तरी यंदा तुमी रपट्यावर पाय टाकू नका."

"का, वहिनी?"

"ते पलीकडं पोचले हायेत. आपल्याले दिसले नाई, एवढंच. त्याईचं चालणं अजून पुरं व्हायचं हाये. नवा अध्यक्ष चालला का जुन्याची पाळी सरते. मंग ते येतीन कोणत्या नात्यानं?"

रपटा नव्याने बांधला आहे, हे सांगण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले. त्यांचा प्रश्न बांधकामाचा नव्हता. "विचार करतो," म्हणालो. हे शब्द मी ठेकेदारांना वापरतो. वहिनींना वापरावयास नको होते.

१४ सप्टेंबर

दुपारी काठावर पाण्याची पातळी पाहण्यास गेलो. पलीकडे रस्त्याच्या कडेला पांढरा सदरा, एक हात वर. कोणी गाडीला हात दाखवीत असेल. एस.टी. आली, थांबली, निघून गेली. सदरा तिथेच.

चष्मा पुसून पुन्हा पाहिले नाही. तसाच कार्यालयात परतलो.

१५ सप्टेंबर

बोटीच्या पंख्यात जलपर्णी गुंतली, इंजिन जळाले. जिल्ह्याला दुसरी बोट मागितली. "पाठवतो." कधी, ते सांगत नाहीत. चाचांची आजची वेळ चुकली. घरी जाऊन आलो. पाय सुजलेले, बोलताना धाप. तरी म्हणतात, "अंगात एवढं पानी साचलं, मलेच धरण म्हना."

फोनवर बांधकामच्या अभियंत्यांशी बोललो : पाणी खांबावरील लाल पट्ट्याखाली गेले की चालण्यास हरकत नाही. रपट्याची जबाबदारी त्यांची. माझ्या मनाची त्यांनी घेतली नाही.

जेवताना सौ. म्हणाली, "जाऊ का नको, जाऊ का नको. घरातबी ठरावच मांडून राह्यले तुमी. भाकर तरी खा." मग जरा थांबून, "अन् गेलेच, तं मांगं वळून पाहू नका."

तिलाही भाऊंचा तो हात आठवतो तर.

१६ सप्टेंबर

सकाळी पाणी पट्ट्याखाली गेले. सारे गाव काठावर. चाचांना खाटेवर आणले होते, डोळे मिटलेले. पलीकडे रुग्णवाहिका उभी. चालक याच गावचा, त्यामुळे तोही गाडी रपट्यावर घालीना.

मी म्हणालो, "पाणी पट्ट्याखाली आहे. चौघांनी खाट उचला आणि निघा. माझ्यासाठी थांबू नका."

कोणी हलले नाही. खाटेजवळचा एक जण म्हणाला, "अध्यक्षाच्या आंधी? नाई बाप्पा. मांगच्या साली खुद्द अध्यक्षाले नाई सोडलं रपट्यानं, आमची काय गत?" ज्यांच्या हाती खाट, तेच भ्यालेले. माणूस डोळ्यांदेखत जातो आहे आणि सगळे पाळी पाळत आहेत. मला संताप आला. मग लक्षात आले, मीही सकाळपासून तेच करीत होतो.

चाचांनी डोळे उघडले. "साहेब, काऊन थांबले? पानी काई तुमची सही मांगून नाई राह्यलं."

वहिनी गर्दीच्या पुढे उभ्या होत्या. नुसत्या पाहत होत्या. मी त्यांच्याकडे न बघता वहाणा काढल्या. नारळ कोणीतरी हातात दिला, तो परत दिला.

पाणी घोट्यावर, गार. खाली सिमेंट घट्ट. मध्यावर पोहोचलो तेव्हा मागचा गलका एकदम थांबला. वळावेसे फार वाटले. वळलो नाही. भाऊ वळले होते.

पलीकडचा उतार उन्हाने तापून कोरडा होता. त्यावर ओल्या पावलांचे ठसे. अनवाणी, मोठे, पाण्यातून निघून रस्त्याकडे गेलेले. मी अजून पाण्यातच होतो.

चालकाला विचारले. त्याच्या पायांत बूट. "इकडून कोनीच नाई आलं साहेब. मी केव्हाचा इथंच हाये." ठसे बघता बघता वाळले. दाखवायला काही उरले नाही.

मागून खाट आली. रुग्णवाहिका मलकापूरला गेली. तिकडच्या काठावरून गाव ओरडले, "अध्यक्ष!"

प्रथमच. मलाच हाक मारली असेल, याची खात्री वाटली नाही.

१८ सप्टेंबर

चाचांचा मलकापूरहून फोन. आवाज मोकळा. "दवाखान्याची गादी कुचकामी हाये साहेब, कापूस जुना भरला." म्हणजे बरे आहेत. त्यांच्यापुरता मी बरोबर होतो. हे वाक्य दोनदा लिहून पाहिले. 'त्यांच्यापुरता' गाळता आला नाही.

ठसे उमटवणारा कोळी असेल. गुराखी असेल. मनातल्या मनात शक्यता मांडतो, पण त्यातला एकही चालकाच्या नकळत अनवाणी जाऊ शकत नाही.

१९ सप्टेंबर

वहिनी दुपारी घरी आल्या. या वेळी बसल्या. रागावल्या नव्हत्या, हे जास्त जड गेले.

"तुमी गेले, बरं केलं. रज्जाकभाऊ वाचले. माह्या सांगण्यानं ते गेले असते, तं आमच्या घरच्यायनंच मले माफ केलं नसतं." पदर सारखा करीत म्हणाल्या, "आता एकच सांगा. तिकडं कोणी होतं काय? तुमी 'नाई' म्हटलं का मी समजीन, पाळी सरली. आज घरी जाऊन सारं उतरवून ठेवीन. गाव म्हणते, खर्चे साहेब खोटं बोलत नाई."

'नाही' म्हणणे सोपे होते. कोणी नव्हते; ठसे होते. 'होते' म्हटले तर ही बाई जन्मभर काठावर उभी राहील. 'नाही' म्हटले तर जे पाहिले ते मी खोडतो. शब्द जुळवीत राहिलो. एवढ्यात त्यांचा हात आपणहून कपाळावरच्या कुंकवाकडे गेला.

"थांबा," एवढेच म्हणालो.

हात तिथेच राहिला. "थांबते," त्या म्हणाल्या. "पण भाऊजी, कोणासाठी?"

अजून ओसरीवर बसून आहेत. सौ.ने चहा ठेवला आहे. मी आत येऊन हे लिहीत आहे. आता बाहेर जातो.

वसंत तुळशीराम खर्चे
शेवजळ, जि. बुलढाणा
१९ सप्टेंबर