दोन इंच सैल

१९ सप्टेंबर

ती. ताईस,

नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण पोट आडवं येतं. हसू नकोस, पत्र त्या पोटाबद्दलच आहे.

भावोजींचा फोन आला होता. नळीतून औषध सोडून तुझ्या यकृतातली कॅन्सरची गाठ डॉक्टरांनी थोपवलीय, आता दोन घास जातात म्हणाले. बरं वाटलं. इथे दुकान ठीक. मशीनचा पट्टा तुटला होता, बदलला.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तू "काय रे ढब्बू" म्हणतेस आणि माझी वाचाच बसते.

मागच्या महिन्यात मी तुला फोटो पाठवला होता. पँटच्या कंबरेत मूठ घालून उभा आहे, तो. माझ्या यकृताचा तुकडा तुला द्यायचा तर आधी त्यावरची चरबी उतरायला हवी, दोन महिन्यांत दहा किलो कमी करा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. भावोजींचा रक्तगट जुळत नाही, म्हणजे देणारा मी एकटाच. तू तो फोटो अख्ख्या वॉर्डात फिरवलास. नर्सला म्हणालीस म्हणे, "बघा, माझ्यासाठी भाऊ किती वाळलाय."

ताई, मी वाळलो नव्हतो. पँटची मागची शिवण उसवून दोन इंच सोडली होती, वर पोट आत ओढून उभा होतो. वीस वर्षांत गिऱ्हाइकाला कधी खोटं माप सांगितलं नाही, आणि फसवलं कुणाला, तर जिने मला काज करायला शिकवलं तिला.

अकरा दिवस नीट वागलो. मग मशीनखालच्या डब्यात बिस्किटं ठेवू लागलो, बायकोला पत्ता नाही. गेल्या आठवड्यात तपासणी झाली. चरबी होती तेवढीच, वजन उलट किलोभर जास्त. तुला मात्र सांगितलं, "शिरा जुळत नाहीत." तू लगेच म्हणालीस, "तुझं काय चुकलं त्यात? जन्मापासूनच उफराटा तू!" वर मलाच समजावत बसलीस. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अजून एक राहिलंय. ती भूक नव्हती गं. पोट कापून घ्यायची भीती वाटत होती. नापास झालो तर आपोआप सुटू, असं मनात यायचं आणि हात डब्याकडे जायचा. नको म्हणायचीही हिंमत नव्हती माझ्यात. लाज वाटते.

आठ वर्षांपूर्वी तुझ्या सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघाली, तेव्हाही मीच म्हणालो होतो, "दारूच्या थेंबाला न शिवणाऱ्या बाईला काय होतंय!" तू ऐकलंस माझं, आणि त्या चरबीनेच यकृत पोखरत इथवर आणलं.

काल डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगितलं. आधी चांगल्या झापल्या, मग म्हणाल्या, "गाठ आवरलेली आहे, सहा आठवडे देते. पुन्हा तपासू." भीती गेलेली नाही. पण डबा बायकोच्या स्वाधीन केलाय. पँट पुन्हा मूळ मापाला शिवली. बटण लागत नाही, चार बोटं कमी पडतात. तीच घालून, वर शर्ट सोडून, रविवारी तुझ्याकडे येतोय.

पत्रासोबत माझा टेप ठेवलाय. तो तुझ्याकडेच राहू दे. दर रविवारी माप तू घे, माझ्या तोंडावर विश्वास ठेवू नकोस. रागावून "तुझं यकृत नको" म्हणालीस, तरी येऊन समोर उभा राहणारच.

तुझा ढब्बू,
कंबर साडेत्रेचाळीस. पोट आत न ओढता.