गिटारच्या पॉलिशबाबत चौथ्यांदा

मी, शिरीष पद्माकर पांचाळ, वय वर्षे ५२, नोकरी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात, मूळ राहणार पुणे, हल्ली मुक्काम रेनमोर, गॉलवे, आयर्लंड, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस घातलेले नसताना हे लिहून ठेवतो. डोक्याबद्दल माझी पत्नी सुरेखा हिचे मत वेगळे आहे. परवा मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. दोनदा पुढे गेलेली तारीख आता नक्की झाली आहे.

ऑक्टोबरपासूनची माझी तिन्ही मृत्युपत्रे याद्वारे रद्द. तिन्हींत घर आणि ठेवी यांची व्यवस्था शब्दशः सारखी होती. बदलत होते ते गिटारचे पॉलिश.

१. घर, ठेवी, गाडी, पेन्शन सर्व सुरेखाला. अंमलबजावणी तिनेच करावी आणि वकिलासाठी इंग्रजी भाषांतरही. या बाबतीत माझी कधीही चलबिचल झालेली नाही.

२. गॅरेजमध्ये मी केलेली गिटार माझी मुलगी सानिका, वय १६, हिला. पुढची फळी स्प्रूस या फिकट लाकडाची. पाठ आणि बाजू महोगनीच्या, शेजारच्या नोरीनबाई फ्लॅहर्टी यांनी टाकायला काढलेल्या जुन्या कपाटातल्या. लाकूडकाम सप्टेंबरात संपले. आधी पॉलिश, मग तारा, असा माझा नियम. त्यामुळे ती वाजते कशी, हे आजतागायत कोणालाच ठाऊक नाही.

३. मी ते काम करू शकलो नाही, तर गिटारला डॅनिश ऑइलचे तीन हात द्यावेत. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याला फोन केला की तो दारात आणून ठेवतो.

४. कलम ३ रद्द. आत्ताच गॅरेजमध्ये जाऊन, पॉलिश आधी ज्यांवर करून पाहतो त्या फळकुटांपैकी तुकडा क्रमांक ९ पुन्हा पाहिला. तेलाने स्प्रूस ओल्या पुठ्ठ्यासारखा दिसतो. लॅकरचा फवारा मारावा. पण तो पेट घेणारा, म्हणून पोस्ट त्याला हात लावत नाही. इंग्लंडहून मागवलेले टंग ऑइल, म्हणजे टंग झाडाच्या बियांचे तेल, ब्रेक्झिटमुळे नवीन वर्षापासून कस्टममध्ये बसले आहे. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा सुरेखा म्हणाली, "मृत्युपत्र लिहितोयस की रंगाच्या दुकानाची यादी? बस ना जरा एका जागी!" बसवत नाही. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटले आहे, येरझाऱ्यांबद्दल काही म्हटलेले नाही.

५. कलम ४ सुद्धा रद्द. लाखेचेच पॉलिश करावे. लाखेचा चपडा एक डबाभर घरात आहे, तो कुठून आला ते कलम ६ मध्ये येईल. तो विरघळवायला शुद्ध स्पिरिट लागते आणि ते गेले वर्षभर सगळे सॅनिटायझरात गेले. कारखान्यात पिंपे भरलेली आहेत, पण तिथला थेंबही मी घरी आणलेला नाही, याची नोंद राहावी. म्हणून मी सॅनिटायझरच वापरून पाहिले. तुकडा क्रमांक १४ अजून चिकट आहे आणि त्याला एक माशी आहे. नोरीनबाईंनी कॉनेमाराहून आलेली पोचीनची, म्हणजे इकडच्या गावठीची, बाटली कुंपणावरून दिली. तिच्यात पाणी फार, पॉलिश पांढरे पडले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा इथला कायदा आहे आणि नोरीनबाई साक्षीदार आहेत. म्हणून उरलेली बाटली त्यांना आधीच परत केली आहे.

असे एकूण एकतीस तुकडे झाले.

सकाळी सानिका गॅरेजच्या दारात उभी राहिली. "बाबा, कॅन आय नॉट जस्ट प्ले इट?"

मी म्हणालो, "कोऱ्या लाकडाला हात लावायचा नाही. बोटांचे डाग पडतात, ते जन्मात निघत नाहीत."

ती म्हणाली, "अँड व्हॉट इफ यू नेव्हर हिअर इट?"

ती गेली. मला भीती वाटते. मंगळवारची वाटते, आणि ही गिटार न ऐकता जाण्याची जास्त वाटते.

६. माझा धाकटा भाऊ इंद्रनील याला काहीही मिळणार नाही. कारण लिहून ठेवतो. आमचे वडील लोकांच्या फर्निचरला पॉलिश करत. घरात त्यांची स्वतःची खुर्ची तेवढी कोरी राहिली. "सवड मिळाली की करू," म्हणत तीस वर्षे गेली. त्यांच्या तळव्याने खुर्चीचा उजवा हात काळा आणि गुळगुळीत झाला होता. ते गेल्यावर सहा महिन्यांनी मी पुण्याला गेलो, तर इंद्रनीलने ती घासून, लाखेचे पॉलिश करून ठेवलेली. मी म्हणालो, "अरे, बाबांचा हात होता तो! घासून टाकलास?" तो म्हणाला, "दादा, त्यांचं राहिलेलं काम केलं रे." चार वर्षे मी त्याच्याशी बोललेलो नाही. नोव्हेंबरात त्याच्याकडून पार्सल आले. आत वडिलांचा चपड्याचा डबा, चिठ्ठी नाही. सुरेखाने परस्पर कळवले असणार. मी पोचही दिली नाही.

इथपर्यंत लिहिले आणि पेन खाली ठेवले. त्याने तीस वर्षांचा हात घासला म्हणून मी चिडलो, आणि इथे चार महिने पोरीचा हात लाकडाला लागूच देत नाही.

७. कलम ५ व ६ रद्द. गिटारला कोणीही, कधीही, कसलेही पॉलिश करू नये. एकतीस तुकडे इंद्रनीलला, माशीसकट. त्याला माझ्यावर हसण्याचा पूर्ण हक्क आहे. चपड्याचा डबाही त्याला परत. मघाशी फोन केला. "दादा, बरा आहेस ना?" एवढेच तो विचारत होता.

८. सानिकाने आणि मी मिळून दुपारी तीन वाजता तारा बसवल्या. तिने वाजवली. वरच्या सुरांत थोडी पातळ आहे. खालचा सूर मात्र थेट छातीत घुमतो. मी ऐकली.

करोनामुळे घरात पाहुण्यांना बंदी असल्याने ही सही अंगणात, हिरव्या कचरापेटीच्या झाकणावर कागद ठेवून, दोन्ही साक्षीदारांच्या एकत्र समक्ष करीत आहे.

शिरीष पद्माकर पांचाळ (सही)

साक्षीदार:
१. नोरीन फ्लॅहर्टी, निवृत्त परिचारिका, शेजारी (सही). मजकूर वाचता येत नाही, सही करताना पाहिले.
२. नंदकुमार विसपुते, सहकारी (सही). मजकूर वाचला, हसू आवरले.

स्थळ: रेनमोर, गॉलवे
दिनांक: २४ जानेवारी २०२१

सहीच्या खाली लिहिलेल्याला कायद्यात किंमत नसते, म्हणून ही नुसती विनंती. गिटारवर, गोल भोकाच्या जरा खाली, एक करडा डाग आहे. तारा ताणताना माझा अंगठा लागला. तो घासू नये.