विहिरीकडची बावीस झाडं

मी, सासी बिन ब्राहीम, वय अडुसष्ट, पूर्वी फॉस्फेटच्या खाणीत कामाला, गेली अडतीस वर्षं खजुरीच्या बागेत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. इतर लोक हे वाक्य रीत म्हणून लिहितात. मला ते सिद्ध करावं लागेल, कारण माझा मुलगा लझहर याच्या कपाटात वेड्यांच्या इस्पितळाचा माझा जुना कागद आहे. म्हणून डॉक्टरांचा कालचा दाखला सोबत टाचला आहे.

कलम पहिले. राहतं घर आणि बागेचा पश्चिमेकडचा भाग लझहर व मबरूका या माझ्या दोन मुलांनी कायद्याच्या हिश्श्याने घ्यावा. दिवंगत पत्नी जन्नात हिची चांदीची कांकणं मबरूकाची. तसं तिच्या आईनेच बोलून ठेवलं होतं. सूनबाईंनी ती पुन्हा मागू नयेत.

कलम दुसरे. सामाईक विहिरीकडची बावीस झाडं, चढायचा दोर आणि दातेरी विळा शेजारच्या सईदाबाईंची मुलगी झीना हिला द्यावा. ती वारस नाही, पण आमच्या कायद्याने वारस नसलेल्याला मालमत्तेचा एक-तृतीयांश देता येतो आणि हा तुकडा त्याच्या आत बसतो, त्यामुळे कोणाची संमती लागत नाही.

कारण लिहितो. ऐंशी साली खाण कोसळली. एकोणीस तास मी दोन मेलेल्या सोबत्यांशेजारी होतो. नंतर सात महिने इस्पितळात. घरी आणलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून बसे. सासरे मुल्दी मला रोज पहाटे बागेत नेऊन पाटात उभं करत. महिन्याभराने एकदा म्हणाले, "जावईबापू, वेड लागलंय ते लागू दे, पण जरा बाजूला सरका. पाणी अडतंय." मी सरकलो. त्या वसंतात त्यांनी नरझाडाच्या फुलांचे तुरे माझ्या हाती दिले आणि फळ धरावं म्हणून ते झटकायला मादीझाडावर चढवलं. वर वारा होता, होले घुमत होते. उतरल्यावर मला भूक लागली. किती दिवसांनी, ते जन्नातच सांगू शकली असती.

झीना चोरून समुद्रापलीकडे निघालेल्या होडीत होती. होडी उलटली आणि धाकटा भाऊ तिच्या हातून सुटला. परत आली ती मुकी होऊन. मी तिला बागेत घेऊन गेलो. घोट्यापर्यंतच्या पाण्यात पाय घालायला तिला पाच महिने लागले. आता ती झाडांना शिव्यासुद्धा घालते.

कलम तिसरे. लझहरने ही बावीस झाडं तोडून पाहुण्यांसाठी खोल्या बांधायचं ठरवलं आहे; ते होऊ नये. "बाबा, तुम्ही बरे झालात ते औषधांनी. झाडांनी कोणी बरं होतं का?" असं तो म्हणतो. औषधं मीही घेतली, नाकारत नाही. पण आमच्या बांधाला लागून हादीची बाग होती. वाळवंटात मोठमोठ्या विहिरी खोदल्यावर पाणी खोल गेलं आणि त्याची झाडं शेंड्याकडून वाळत गेली. तरी तो रोज त्यांच्याखाली जाऊन बसे. दुसऱ्या हिवाळ्यात त्याने बोलणं सोडलं. मग एका दुपारी मिठाच्या तळ्यावर, जिथे कवचाखालचा चिखल माणूस गिळतो, चालत गेला. त्याची फक्त चप्पल सापडली. लझहरने ती चप्पल पाहिली आहे.

एवढं लिहून झालं आणि झीना दारात आली.

"काका, पाणी आलं नाही."

मी म्हणालो, आपली पाळी उद्या असेल.

"पाळी आजचीच होती. मी विहिरीवर जाऊन आले. खालून नुसती वाळू येतेय."

कलम चौथे, जे सकाळी माझ्या मनात नव्हतं. पाणी परत आलं नाही तर झीनाने झाडं विकावीत, मिळेल त्या भावाला. वाळक्या झाडांखाली एक दिवसही बसू नये. डोंगराकडे अजून झरे आहेत. तिथे जावं, कोणाच्याही बागेत मजुरी करावी. मला सोबत नेण्याचा हट्ट करू नये. माझं वय झालं. हादी गेला ती वाट मी ओळखतो.

हे मी साक्षीदारांना वाचून दाखवलं. चौथ्या कलमापाशी बशीरने मला थांबवून पुन्हा वाचायला लावलं, आणि सही करायला वेळ घेतला.

साक्षीदार: बशीर बिन अम्मार, शिक्षक (निवृत्त). तय्यिब बिन सालेम, विहिरीचा राखणदार.

सही: सासी बिन ब्राहीम
जरीद, दक्षिण ट्युनिशिया. १४ ऑगस्ट २०१९