जोडीदार सापडला

८ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी इथे दिवसभर काय करते, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मार्गदर्शक सरांच्या त्या छोट्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांचे वेग मी पुन्हा मोजते आहे. तारे इतके जोरात पळतात, म्हणजे कृष्णद्रव्यानं, न दिसणाऱ्या वस्तुमानानं त्यांना धरून ठेवलं असणार, या शोधावर सरांचं नाव झालं. तुम्ही भिंतीवर लावलेलं कात्रण त्याचंच.

घाईत आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. वर्षभराचा संशय खरा ठरला. जोडीदार सापडला! सरांना अजिबात पसंत नाही, पण मी सोडणार नाही. आईला सांगा. बाकी मागाहून लिहीन.

तुमची,
चिमी

१७ जानेवारी

चि. चिमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी आई जागच्या जागी खाली बसली. आम्ही तुझ्यासाठी शोधून दमलो आणि तू परस्पर उरकलंस! असो, शिकलेली मुलगी. मुलगा काय करतो? दिसायला कसा आहे? फोटो पाठव. आणि सरांना पसंत नसायला लग्न काय ते करणार आहेत? पोटात राहिलं नाही म्हणून वर्कशॉपात सांगून टाकलं. फोरमन म्हणाला, आता बसच्या इंजिनाखालून जरा बाहेर या, सासरेबुवा.

आईचा आणि माझा आशीर्वाद आहेच.

तुझे बाबा

२९ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी खूप हसले. मग हसू राहिलं नाही. बाबा, तो दिसायला कसाच नाही. जोडीदार माझा नाही, ताऱ्याचा आहे. जवळ एक मंद सोबती असतो आणि दोघं एकमेकांभोवती फिरतात. म्हणून तारा कधी आपल्याकडे जोरात येतो, कधी दूर जातो. सरांनी एकदाच मोजलं आणि तो वेग कृष्णद्रव्याच्या नावावर लावला. मी वर्षभर मोजत राहिले. आता असे सात तारे झालेत. ते बाजूला काढले, तर सरांचं द्रव्य जवळजवळ उरतच नाही.

सर म्हणाले, तुझे आकडे गाळून नवा लेख जाईल, त्यावर तुझी सही हवी. नसेल करायची तर पुढच्या वर्षी इथे जागा नाही. भिंतीवरचं कात्रण चुकीचं आहे, बाबा. मी सही करणार नाही, असं ठरवलंय. पण तुम्ही पाठीशी आहात, एवढं एकदा लिहा.

तुमची,
चिमी

१० फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

वर्कशॉपात सांगितलं, जमलेलं मोडलं. दुसरं काय सांगणार? तारा म्हटलं असतं तर जन्मभर हसले असते.

तू विचारलंस म्हणून लिहितो. आपल्या घरात पदवी घेतलेली तू पहिली. तुझ्याकडे बघून धाकटी अभ्यासाला बसते. तूच हात हलवत परत आलीस, तर तिला कुठल्या तोंडानं शीक म्हणू? तारे एवढे लांब. त्यांना जोडीदार असला काय, नसला काय, कुणाचं अडतंय? सही कर. कात्रण राहू दे भिंतीवर. रागावू नकोस.

तुझे बाबा

३ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

शिकवणीच्या वर्गात माझं बरं चाललं आहे. मुलांना घर्षण शिकवते. धाकटीला सांगा, प्रश्न पाठव, मी सोडवून देईन.

तुम्ही पाठवलेलं नवं कात्रण मिळालं. फोटोत सरांचे केस थोडे पिकलेत. ताऱ्यांचे जोडीदार त्यांनी शोधले. शंका म्हणे त्यांना पहिल्यापासून होती. सात तारे माझेच आहेत, क्रमसुद्धा बदललेला नाही. तुम्ही समासात लिहिलंत, बघ, सही केली असतीस तर यात तूही असतीस. खरं आहे. चुकीच्या शोधावर माझं नाव असतं, आणि बरोबर शोधावरही.

वर्कशॉपात अजून विचारतात ना, पोरीचं मोडलं कसं? सांगा, मुलगा खरा होता. सरांनी आपल्या घरी नेला.

नव्या कात्रणासाठी जुनं काढायची गरज नाही. भिंत मोठी आहे. लोभ मात्र उरला असेल तेवढा ठेवा.

तुमची,
चिमी